मालकांच्या हातची कोंबडी

होई-लिन पेढीचा इतिहास हल्ली खोक्याच्या झाकणावर छापलेला असतो. लाल मखमलीचं खोकं, आत वाळवलेल्या शिंपल्यांचे गोल गर ओळीने मांडलेले, आणि झाकणाच्या आतल्या अंगाला सोनेरी अक्षरं: संस्थापक शे साहेब एका गाठोड्यानिशी चीनमधल्या स्वातौहून हाँगकाँगला आले आणि त्यांनी सयामच्या तांदळाचा व्यापार मांडला, दुसऱ्या पिढीने समुद्रातल्या सुक्या मालात नाव कमावलं, तिसऱ्या पिढीने पेढीला आधुनिक रूप दिलं. विमानतळावरसुद्धा हे खोकं मिळतं म्हणे. माझ्या जावयाने कौतुकाने आणलं आणि मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, गर चांगला आहे, इतिहासाला मात्र बुरशी आली आहे.

जावई हसला. त्याला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय.

मी फॉन्ग क्वाय-सांग. दुसरी पिढी नाव कमावत होती तेव्हा तिच्या उजव्या हाताला मी बसलेला होतो. झाकणावर माझं नाव नाही याचं मला काही वाटत नाही असं मी म्हटलं, तर ती थाप होईल. वाटतं. पण त्याहून जास्त सलतं ते वेगळंच. आमच्या शेंग-वानच्या गल्लीत आजही एखाद्या जुन्या व्यापाऱ्याला विचारा, होई-लिनचा मुनीम क्वाय आठवतो का. तो म्हणेल, आठवतो की, हात मारला होता त्याने पेढीवर.

मी एका दमडीला हात लावला नव्हता. तरी ते लोक खोटं बोलतात असंही मला म्हणता येत नाही, कारण त्यांनी ते माझ्याच तोंडून ऐकलं आहे. कसं, ते सांगतो.

माझा बाप होई-लिनच्या धक्क्यावर तांदळाची पोती वाहायचा. लढाई संपली त्या वर्षी तो खोकून खोकून मेला आणि मालकांनी मला पेढीवर घेतलं. मालक म्हणजे झाकणावरची दुसरी पिढी, शे युन-हिंग. तेव्हा ते ऐन तिशीत होते, आवाज असा की धक्क्यावरच्या हमालाला आत बसून शिवी द्यायचे आणि ती त्याला पोचायची. शहरात तांदूळ मिळत नव्हता, रेशनवर जो मिळायचा त्यात निम्मे खडे. अशा दिवसांत बँकॉकहून आलेलं पहिलं जहाज उतरवून घेताना ते मला म्हणाले होते, "माकडा, पोत्यात हात घाल. कोपरापर्यंत घाल. वरचा तांदूळ व्यापाऱ्याचा, खालचा गिऱ्हाइकाच्या नशिबाचा." मी माकडा ऐकतच मोठा झालो. लग्न त्यांनीच लावून दिलं. माझी बायको आ-लान मांडवातच म्हणाली होती, हा माणूस माझ्याशी लग्न करतोय की मालकांनी माझ्यासाठी एक नोकर पाठवलाय.

पुढे तांदळावर सरकारने परवाने आणले, नफा आटला, तेव्हा आम्ही सुक्या मालात शिरलो. जपानहून शिंपल्यांचे गर, दक्षिणेकडून शार्कचे पर, तुमच्या मुंबईहून घोळ माशाच्या पोटातले वाळवलेले फुगे. एवढे मोठे, पिवळेधमक, उजेडात धरले की आरपार दिसायचे. बाळंतिणीला त्याचं सूप लागतं, म्हणून आमच्याकडे लेक गरोदर राहिली की बाप आधी होई-लिनमध्ये यायचा आणि मग मंदिरात जायचा. हे मालकांचं म्हणणं. ते स्वतःच्या पेढीबद्दल असंच बोलायचे आणि आम्हालाही ते खरं वाटायचं.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी, कारण तिच्यावाचून पुढचं कळणार नाही.

नव्या वर्षाची सुट्टी संपून ज्या दिवशी पेढी उघडते, त्या दिवशी मालक सगळ्या नोकरांना जेवू घालतो. मधोमध अख्खी उकडलेली कोंबडी, तुकडे करून मांडलेली. वर्षभर कुणीही कुणाच्या वाटीत काहीही वाढावं. त्या दिवशी मात्र मालकाने आपल्या जेवायच्या काड्यांनी कोंबडीचा तुकडा उचलून तुमच्या वाटीत टाकला, तर त्याचा अर्थ एकच: तुमची नोकरी संपली. कारण विचारायचं नाही, कारण सांगायचं नाही. तुकडा खायचा, तोंड पुसायचं, आभार मानायचे आणि आपलं अंथरूण गुंडाळायचं. वाटीत पडलेला तुकडा परत उचलला जात नाही. कुणाच्या बापाच्याने नाही. उचलला तर पेढीचं वर्ष बुडतं असं आम्ही मानतो, आणि दुकानदार माणूस देवापेक्षा वर्षाला जास्त भितो.

मालकांना ही रीत आवडत नसे. ते पहिला तुकडा मुद्दाम स्वतःच्याच वाटीत टाकायचे आणि म्हणायचे, "झालं, मला काढलं. आता तुम्ही गिळा." मग सगळे हसायचे आणि घशात अडकलेला भात खाली उतरायचा. माझ्या आठवणीत त्यांनी दोघांनाच कोंबडी वाढली. एक वखारीवाला, मालात भेसळ करताना सापडला होता. दुसरा त्यांचा सख्खा चुलतभाऊ, तो पेढीतले शार्कचे पर मागच्या दाराने विकायचा. म्हणून गल्लीत एक गोष्ट पक्की बसली होती. बाकीचे मालक आळशाला काढतात, तोंडाळाला काढतात, धंदा मंदावला म्हणूनही काढतात. शे मालकांच्या हातची कोंबडी मात्र फक्त चोराला मिळते.

मालक सत्तरीला आले आणि विसरायला लागले.

सुरुवात चहापासून झाली. आमच्या स्वातौकडच्या लोकांचा चहा चिमुकल्या कपात, कडू जहर. रोज सकाळी ते माझा कप स्वतः भरायचे. एक दिवस त्यांनी भांड्यात पत्ती न घालताच पाणी ओतलं, कप भरले आणि घोट घेऊन म्हणाले, यंदाची पत्ती बरी आहे. मी म्हटलं, बरी आहे. मला वाटलं, गंमत करतायत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं, तेव्हा ही गंमत नाही हे कळलं.

मग जहाजांची नावं गेली, माणसांची गेली. कुणी पेढीत शिरलं की मी मालकांच्या मागे उभा राहून पाणी ओतल्याचं निमित्त करून कानात नाव सांगायचो. ते ते नाव उचलून असं गरजायचे की समोरच्याला शंका येऊ नये. सुक्या मालाचा लिलाव आमच्याकडे मुका असतो. प्रत्येकाने पुढे जाऊन लिलाववाल्याच्या हातातल्या मण्यांच्या चौकटीवर आपला भाव लावायचा, इतरांना दिसणार नाही असा. लावलेला मणी म्हणजे दिलेला शब्द. एकदा मालकांनी एक घर सोडून भलत्याच तारेवरचे मणी सरकवले. तेवढ्या भावात आम्हाला गोदाम विकावं लागलं असतं. मी पायात पाय अडकल्यासारखा धडपडलो आणि चौकट लिलाववाल्याच्या हातून पाडली. त्याने मला आईवरून शिवी दिली. मालकांनी त्याला बापावरून दिली. सगळं पुन्हा पहिल्यासारखं वाटलं.

हे मी कुणाला सांगितलं नाही. मालकांच्या मुलालाही नाही. विंग-किट त्याचं नाव, झाकणावरची तिसरी पिढी. व्हँकुव्हरला शिकून, तिथेच काही वर्षं काढून तो परत आला होता. गोरा, गुळगुळीत, कधी आवाज न चढवणारा. मला तो क्वायकाका म्हणायचा, मी त्याला छोटे मालक. त्याला तांदूळ बंद करायचा होता, वखार भाड्याने द्यायची होती आणि माल खोक्यांत भरून मोठ्या दुकानांना विकायचा होता. त्याचं सगळंच चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही, खोकी खपतायत हे दिसतंच आहे. पण त्या वेळी मला वाटायचं, याला कळलं तर हा बापाला एखाद्या खोलीत बसवेल आणि उद्याच पाटी बदलेल. म्हणून तो विचारायचा, बाबा बरे आहेत ना, हल्ली गप्प वाटतात, की मी म्हणायचो, ठणठणीत आहेत, तुमच्या-माझ्यापेक्षा बरे. आणि आणखी एक गोष्ट होती. मालकांच्या मागे उभं राहून पेढी चालवायला मला आवडायला लागलं होतं. ते बोलायचे तो आवाज त्यांचा होता, शब्द माझे होते.

आ-लानला सगळं माहीत होतं. ती म्हणायची, "आजार त्यांना, औषध तू घेतोयस."

त्या वर्षी नव्या वर्षाच्या तोंडावर बँकॉकहून तान आले. तान कुटुंब तीन पिढ्या आम्हाला तांदूळ पाठवत आलं होतं, सगळा व्यवहार शब्दावर. जहाज आधी, पैसे विक्रीनंतर, मध्ये कागदाचा कपटा नाही. तो शब्द शे मालकांचा होता, पेढीचा नव्हता. आणि तानांच्या कानावर काहीतरी गेलं होतं. ते सहज आलोय म्हणाले, पण साठीचा माणूस गुडघेदुखी घेऊन समुद्र ओलांडून सहज येत नाही. पेढी उघडायच्या दिवशी मी तुमच्याच पंक्तीला बसतो, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं. तानांना खरं कळलं असतं तर त्यांनी जहाज थांबवलं असतं, आणि तान थांबले की जपानवाले थांबले असते. पंधरा दिवसांत होई-लिन बसली असती.

मग मी मालकांची तालीम घेतली. आदल्या दोन दिवसांत वखारीत नेऊन, रिकाम्या वाट्या मांडून. तान इथे बसतील, तुम्ही इथे. त्यांच्या मुलाचं नाव विचारू नका, तो वारला. कोंबडी आली की पहिला तुकडा तुमच्या वाटीत, आणि मग ते नेहमीचं वाक्य. मालक लहान मुलासारखे ऐकायचे आणि बरोबर करून दाखवायचे. एकदा ते मध्येच थांबून माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "आ-क्वाय, मला काय झालंय रे?" मी म्हटलं, काही नाही मालक, वय झालंय. ते म्हणाले, "तानला कळू देऊ नकोस." त्यांना कळत होतं, एवढंच मला सांगायचंय. अधूनमधून त्यांना सगळं लख्ख कळायचं, आणि तेच सगळ्यात वाईट होतं.

जेवणाच्या दिवशी फटाके झाले, देवाला संत्री ठेवली, सगळे बसले. मालकांच्या उजवीकडे तान, डावीकडे विंग-किट, समोर मी आणि पाच नोकर. मालक असे रंगात आले होते की माझीच छाती फुगली. तानांच्या बापाची जुनी गोष्ट त्यांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगितली, एकही नाव न चुकता. तान पोट धरून हसले. मग कोंबडी आली आणि नेहमीसारखी सगळ्यांची तोंडं बंद झाली.

मालकांनी काड्या उचलल्या. मांडीचा चांगला तुकडा निवडला. उचलून स्वतःच्या वाटीकडे नेला, अगदी वाटीवर आणला. आणि तिथे थांबून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या दोन-तीन महिन्यांत मी बराच रोडावलो होतो. त्यांना कोणतं साल दिसत होतं कोण जाणे. बहुतेक तेच, रेशनच्या तांदळाचं, जेव्हा ते आपल्या ताटातलं मला द्यायचे. त्यांचा चेहरा असा मऊ झाला की बघवेना. हात लांब करून, अंगरख्याची बाही रश्श्यात बुडवत, त्यांनी तो तुकडा माझ्या वाटीत ठेवला.

"खा," ते म्हणाले. "किती वाळलायस."

माझ्या शेजारच्याने आपली वाटी हळूच बाजूला ओढली, जणू विटाळ होईल. मालक माझ्याकडे बघून हसत होते, मी खायची वाट बघत होते. मी विंग-किटकडे पाहिलं. तो बापाकडे बघत होता, मग त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांत मला आश्चर्य दिसलं नाही. मी तुकडा खाल्ला. मीठ बरोबर होतं, तेही लक्षात आहे. हाड बाजूला ठेवलं, तोंड पुसलं, उभा राहून मालकांचे आभार मानले. ते म्हणाले, आणखी घे.

तान खाली वाटीत बघत होते. मग ते मालकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आमच्याकडे लोक काय वाटेल ते बोलतात. एवढ्या वर्षांच्या माणसाला घास देताना ज्याचा हात कापत नाही, त्याचं डोकं ठिकाणावर आहे." जहाज पुढल्या महिन्यात निघेल असंही त्यांनी तिथेच सांगून टाकलं. मी वर्षभर जी खात्री पटवायला धडपडत होतो, ती माझ्या वाटीतल्या एका तुकड्याने पटली.

मी आतल्या खोलीत विंग-किटच्या मागे गेलो. दार लोटलं.

"छोटे मालक, त्यांच्या मनात तसं काही नव्हतं. त्यांना रीत आठवली नाही."

"बसा, क्वायकाका," तो म्हणाला. "आठवली नाही म्हणजे?"

"हल्ली त्यांच्या लक्षात राहत नाही."

"हल्ली म्हणजे कधीपासून?"

मी दाराकडे पाहिलं.

"मी वर्षभर विचारतोय," तो म्हणाला, अगदी हळू आवाजात. "आणि तुम्ही मला सांगताय, ठणठणीत आहेत. माझ्याच बापाबद्दल माझ्याच घरात मला वेड्यात काढलंत. मला चहाच्या पहिल्या दिवसापासून माहीत आहे, क्वायकाका. मी बघत होतो तुम्ही कधी सांगताय ते."

"मग तुम्हाला माहीत आहे की हे खरं नाही."

"मला माहीत आहे. बाहेर तानकाका बसलेत, त्यांना माहीत नाही. जा, त्यांना सांगा की माझ्या वडिलांना आपण काय करतो ते कळत नाही. तुम्ही सांगितलंत की लगेच तुम्हाला तुमच्या जागेवर बसवतो. माझा शब्द."

बाहेरून मालकांचं हसू ऐकू येत होतं. मी दाराची कडी धरली, पण तानांकडे गेलो नाही. त्या पोराचा मला इतका राग आला होता की हात उचलला गेला असता, आणि रागाचं मूळ हे की तो बरोबर बोलत होता. जाळं मीच विणलं होतं, त्याने फक्त दोरी ओढली. मी पेढीवरचं माझं अंथरूण गुंडाळलं. मागच्या दाराने जाणार नाही, एवढं मात्र ठरवलं, आणि समोरून, सगळ्या गल्लीच्या देखत निघालो. लोकांनी दुकानांतून माना बाहेर काढून पाहिलं.

पुढचे महिने कसे गेले ते काय सांगू. मी सहा पेढ्यांवर गेलो. सगळ्यांनी चहा दिला, तब्येत विचारली आणि जागा नाही म्हणाले. समोरच्या पेढीचा लो, जाड्या लो म्हणायचे त्याला, माझा तीस वर्षांचा चहाचा सोबती. तो एके सकाळी चहाच्या दुकानात माझ्याकडे सरकून बसला आणि म्हणाला, "आपल्या दोघांत राहील. किती मारलेस?" मी म्हटलं, काही नाही मारलं. तो म्हणाला, "अरे, शे मालकांच्या हातची कोंबडी उगाच मिळते का? मी काही कुणाला सांगणार नाही. उलट कौतुक वाटतं, इतकी वर्षं पत्ता लागू दिला नाहीस." आणि त्याने माझ्या चहाचे पैसे दिले. शेवटी आ-लानच्या भावाच्या किराणा दुकानात मी तांदूळ जोखायला बसलो. दोन-दोन किलोच्या पिशव्या. पिशवी बांधताना पोत्यात कोपरापर्यंत हात घालायची सवय जात नव्हती, तर मेहुणा म्हणायचा, "दाजी, इथे काही सापडणार नाही."

आ-लान रोज म्हणायची, सांगून टाक. मी म्हणायचो, तानांचं जहाज येऊ दे. जहाज आलं. मग म्हटलं, माल विकला जाऊ दे, हिशेब मिटू दे. तोही मिटला. विंग-किटने तांदूळ बंद करायचं जाहीर केलं, तानांचा संबंधच संपला. आता माझ्या गप्प बसण्याने कुणाचं काही राखलं जात नव्हतं. आ-लान म्हणाली, "आता कुणासाठी गप्प आहेस? पोरीचं लग्न ठरवायला गेले तर लोक तुझं नाव ऐकून चहा पुढे करतात आणि बोलणं आवरतं घेतात. तू देव नाहीस. जा आणि सांग." ती रडत नव्हती, भांडतही नव्हती. तिने माझा चांगला सदरा काढून ठेवला होता.

मी लोच्याच दुकानात गेलो, कारण लोला सांगितलं की गल्लीला वेगळं सांगावं लागत नाही. नौकांच्या शर्यतीचा सण आला होता, पानात गुंडाळायच्या भातासाठी सुकी कोळंबी घ्यायला गर्दी होती. चार-पाच व्यापारीही बसले होते, सगळे ओळखीचे. मी म्हटलं, लो, ऐक, तुम्ही सगळेच ऐका. त्या दिवशीच्या तुकड्याबद्दल मला काही सांगायचंय. लोने तराजू खाली ठेवला.

आणि दारात मालक उभे होते. मोलकरणीचा हात धरून. ती रोज त्यांना गल्लीतून फिरवून आणत असे. अंगरख्याची बटणं एक सोडून एक लावलेली. माझ्याकडे बघताच त्यांनी मोलकरणीचा हात सोडला.

"आ-क्वाय," ते म्हणाले. "माकडा. रोज कप भरतो मी, तसाच पडून राहतो." मग त्यांचा आवाज चढला, जुना धक्क्यावरचा आवाज. "का गेलास तू? काय केलंस असं? मला कुणी नीट सांगत नाही. तू सांग."

सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. त्यांना एवढंच दिसत होतं की फसवला गेलेला मालक चोराला जाब विचारतोय. आणि माझ्याकडे उत्तर तयार होतं, चांगला सदरा घालून तेच द्यायला तर मी आलो होतो. मी काही केलं नाही मालक, तुमचं डोकं गेलंय, तुम्हीच मला काढलंत, प्रेमाने. तोंड उघडलं आणि त्यांचे डोळे पाहिले. ते घाबरलेले होते. आवाज मोठा होता, पण डोळ्यांत तोच वखारीतला माणूस होता, मला काय झालंय रे म्हणणारा. त्यांना आतून शंका होती की यात आपलंच काहीतरी आहे. तसं नाही, एवढंच ऐकायला ते भर गल्लीत माझ्यासमोर उभे होते.

"माझं चुकलं, मालक," मी म्हटलं.

त्यांनी इतका मोठा श्वास सोडला की सगळ्यांना ऐकू गेला. चेहरा सैल झाला. त्यांनी पुढे येऊन माझ्या डोक्यावर टप्पल मारली, लहानपणी मारायचे तशी.

"चुकतं," ते म्हणाले. "पोटासाठी माणूस करतो. मी माफ केलं तुला. जा, जेव."

मोलकरीण त्यांना घेऊन गेली. लोने तराजू उचलला. कुणी मला काही विचारलं नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतर कधीही नाही, कारण आता विचारायचं काही उरलं नव्हतं. बसलेल्यांपैकी एक म्हातारा तेवढा पुटपुटला की शे मालकांसारखा मोठ्या मनाचा माणूस आता होणे नाही. मी आ-लानसाठी पावशेर कोळंबी घेतली. घरी तिने पिशवी घेतली, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काय झालं ते न विचारताच आत गेली. ती माझ्याशी पुष्कळ दिवस बोलली नाही. पोरीचं लग्न पुढे खूप उशिरा झालं, दूरच्या माणसाशी, ज्याला आमची गल्ली माहीत नव्हती. तोच हा खोकं आणणारा.

मालक त्यानंतर दोन वर्षं जगले. जहाजं विसरले, भाव विसरले, मुलाला बँकेतला माणूस समजून खुर्ची द्यायला लागले. ज्या वारलेल्या बायकोसाठी शोक करत ते वर्षभर मांसाला शिवले नव्हते, तिचं नावसुद्धा त्यांना सांगता येईना. पण भेटायला जो येईल त्याला ते हाताला धरून बसवत आणि एक गोष्ट न चुकता सांगत: क्वायने माझ्याकडे चोरी केली होती, त्याने ती भर दुकानात कबूल केली, आणि मी त्याला माफ केलं. तेवढं त्यांच्या मरेपर्यंत लक्षात राहिलं.